पट्टी, वजनकाटा आणि पाढे : घरच्या घरी मोजमाप व गुणाकाराचा सराव

मूल पाढे घडाघडा म्हणते, पण ‘सहा फूट म्हणजे किती इंच?’ असे विचारले की गोंधळून आपल्याकडे पाहते, हा अनुभव अनेक घरांत येतो. माझी मुलगी तिसरीत असताना आमच्याकडेही हेच घडले. तिला बाराचा पाढा पाठ होता, एका फुटात बारा इंच असतात हेही तिला ठाऊक होते, परंतु या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे तिच्या ध्यानात आलेले नव्हते. तेव्हापासून आम्ही पाढ्यांचा सराव आणि मोजमापाचा सराव वेगवेगळा करणे सोडून दिले. काहीतरी मोजल्याशिवाय गुणाकार मांडायचा नाही, आणि केलेला गुणाकार पुन्हा मोजून पडताळल्याशिवाय वही मिटायची नाही, एवढाच नियम ठेवला. सांगलीसारख्या गावात राहणाऱ्या पालकांना हा सराव घरच्या वस्तूंवर कसा घेता येईल, ते येथे लिहीत आहे.

साहित्य फारसे लागत नाही. तीस सेंटीमीटरची पट्टी, शिंप्याकडे असते तशी कापडी टेप, स्वयंपाकघरातला वजनकाटा, दुधाचे अर्धा लिटरचे माप, खडू आणि चौकडीची वही एवढे पुरते. वहीच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखावेत : अंदाज, मोजलेले माप आणि फरक. अंदाजाचा रकाना मोजण्याआधीच भरायचा, ही अट मात्र कटाक्षाने पाळावी. अंदाज चुकला म्हणून मुलाला कधीही बोलू नये, कारण अंदाज आणि माप यांतला फरक आठवड्यागणिक कमी होत जाताना मुलाला स्वतःला दिसणे हाच या वहीचा उपयोग आहे.

पहिल्या दिवशी पट्टी न देता वितीने मोजायला सांगावे. जेवणाचे टेबल किंवा पलंगाची लांबी मुलाने आपल्या वितीने मोजावी, नंतर तीच लांबी आजोबांनी मोजावी. मुलाच्या चौदा विती भरतात तेथे आजोबांच्या दहाच भरल्या की ‘खरे माप कोणते?’ हा प्रश्न आपोआप निघतो आणि पट्टीची गरज समजावून सांगावी लागत नाही. मग मुलाची एक वीत पट्टीवर मोजावी. ती पंधरा सेंटीमीटर भरली, तर चौदा विती म्हणजे किती सेंटीमीटर, हा पहिला खरा गुणाकार. उत्तर २१० आले की टेपने ताडून पाहावे. दोन्ही संख्या बहुधा तंतोतंत जुळणार नाहीत, कारण दोन वितींमध्ये फट राहते किंवा बोटे एकमेकांवर येतात. ते कारण मुलाने स्वतः शोधावे, यासाठी थांबण्याची तयारी ठेवावी.

पट्टी हाती आली की काही चुका ठरलेल्या असतात. पट्टीच्या कडेपासून मोजणे ही सर्वांत मोठी चूक, कारण पुष्कळ पट्ट्यांवर शून्याची खूण कडेपासून थोडी आत असते. काही मुले शून्याऐवजी एकपासून मोजायला लागतात. त्यांना झिजलेल्या किंवा मोडक्या पट्टीने मुद्दाम चारपासून मोजायला लावावे आणि शेवटच्या आकड्यातून चार वजा करायला सांगावे. हा एक प्रयोग केल्यावर लांबी म्हणजे दोन खुणांमधले अंतर, हे पक्के होते. आणखी एक गोष्ट आपल्या भाषेमुळे होते. आपण ‘बावन्न’ म्हणताना आधी दोन उच्चारतो, त्यामुळे लहान मूल टेपवर बावन्न वाचून वहीत २५ लिहू शकते. तिथे मोजण्यात चूक नसते, लिहिण्यात असते, म्हणून आकडा लिहिल्यावर पुन्हा टेपशी ताडून पाहण्याची सवय लावावी.

गुणाकार डोळ्यांना दिसावा यासाठी घरातल्या फरशीइतके सोपे साधन दुसरे नाही. दोन फुटी फरशा असलेल्या खोलीत खडूने पाच फरशा रुंद आणि सहा फरशा लांब असा आयत आखावा. मुलाने आधी एकेक फरशी मोजावी, मग ‘पाचच्या सहा ओळी’ असे म्हणत ओळींनी मोजावे, आणि नंतर शेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहून त्याच फरशा ‘सहाच्या पाच ओळी’ म्हणून मोजाव्यात. पाच सक्क तीस आणि सहा पंचे तीस ही एकच गोष्ट आहे, हे जागेवर वळल्याने जसे कळते तसे फळ्यावर कळत नाही. चौथी-पाचवीच्या मुलाला पुढचा प्रश्न द्यावा. प्रत्येक फरशी दोन फूट गुणिले दोन फूट, म्हणजे चार चौरस फुटांची; तीस फरशांचे १२० चौरस फूट झाले. आता टेपने बाजू मोजाव्यात, त्या दहा आणि बारा फूट भरतील, आणि दहा बारे १२०. दोन वाटांनी एकच उत्तर आल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, ते पाहण्यासारखे असते.

ज्या पाढ्यावर मूल अडते तो याच खडूने फोडून दाखवावा. बारा साती येत नसेल तर बारा फरशांच्या सात ओळींत दहा फरशांनंतर उभी रेघ मारावी. डावीकडे सत्तर, उजवीकडे चौदा, मिळून चौऱ्याऐंशी. दोन अंकी गुणाकाराची रीत पुढे शाळेत शिकवतात तेव्हा ती याच रेघेवर उभी असते.

फूट आणि इंचांसाठी सांगलीकरांना उदाहरण शोधावे लागत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी घरोघरी फूट-इंचांतच विचारली जाते. तेथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, आणि २०१९च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. माझ्या मुलीला मी एकदा विचारले, ‘समजा, पाणी ३८ फूट ९ इंच आहे, तर इशारा पातळीला किती उरले?’ तिने ४० मधून ३८.९ वजा करून ‘एक फूट एक इंच’ असे लगेच सांगितले. उत्तर चुकले होते, पण चूक विचारपूर्वक केलेली होती : दहा इंचांचा फूट धरला होता. मी काहीच न सांगता टेप तिच्यापुढे ठेवली. ९ इंचांवर बोट ठेवून ती एक फुटाच्या खुणेपर्यंत मोजत गेली, तीन इंच भरले, आणि वरचा एक फूट मिळवून उत्तर एक फूट तीन इंच झाले. मग पुढचा प्रश्न : ‘पाणी तासाला तीन इंच चढत असेल तर किती तास?’ पंधरा इंच, आणि तीन पंचे पंधरा, म्हणून पाच तास. पुराची आठवण ताजी असलेल्या घरात मात्र हे उदाहरण मुलाच्या मनाचा अंदाज घेऊनच वापरावे.

त्याऐवजी आजीचे नऊवारी लुगडे चालेल. एका वारात तीन फूट, म्हणून नऊ वारांचे २७ फूट, आणि २७ गुणिले १२ म्हणजे ३२४ इंच. साठ इंची टेप पाच वेळा पूर्ण लावली की ३०० इंच होतात आणि २४ उरतात. लुगडे जमिनीवर पसरून हे खरोखर मोजावे, आणि प्रत्यक्षात कमी-जास्त भरले तर तेही वहीत लिहावे.

वजनासाठी भडंगाचा दिवस निवडावा. एकच रिकामा डबा घ्यावा, त्याचे वजन करून लिहून ठेवावे. तो डबा आधी चुरमुऱ्यांनी आणि नंतर शेंगदाण्यांनी काठोकाठ भरून दोन्ही वेळा वजन करावे व रिकाम्या डब्याचे वजन वजा करावे. डबा तोच, भरलेपण तेच, पण वजनात जमीन-अस्मानाचा फरक. आकारमान आणि वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलाला यानंतर कधीही पुन्हा सांगावे लागत नाही. पूर्वी धान्य शेर-पायलीने, म्हणजे आकारमानाने मोजत असत आणि चार शेरांची एक पायली होत असे, हे आजीने याच वेळी सांगितले तर चांगले लक्षात राहते. मग पाव किलो चुरमुऱ्यांना लागणारे शेंगदाणे, डाळे, तेल आणि मसाला यांची मापे मुलाला लिहून द्यावीत आणि दीड किलो चुरमुऱ्यांसाठी यादी तयार करायला सांगावी. दीड किलोत सहा पाव असतात हे मुलाने ओळखले की प्रत्येक ओळ सहाने गुणायची आहे हे त्याला कळते.

येथेच एक आग्रहाचे सांगणे आहे. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी असे अपूर्णांकांचे, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि अडीच यांचे, पाढे होते, आणि ते सगळे मोजमापासाठीच होते. ते सगळे आज पाठ करून घ्यावेत असे मला वाटत नाही, परंतु निमकी, दिडकी आणि अडीचकी एवढे तीन तरी घरात बोलावेत. दीड मीटर कापडाचे सात तुकडे म्हणजे साडेदहा मीटर, अडीच लिटरचे सहा डबे म्हणजे पंधरा लिटर, हे मुलाला कागदाशिवाय येऊ लागले की शाळेतल्या दशांश अपूर्णांकांची भीती राहत नाही.

आठवड्यातून चार दिवस, वीस मिनिटे पुरेत. एककाशिवाय लिहिलेले उत्तर अर्धे समजावे.

मूल पाचवीत गेले आणि नात्यात कोणाची द्राक्षबाग असेल, तर टेप घेऊन एक दिवस तेथे काढावा. आमच्या तासगावच्या मामांच्या बागेत दोन ओळींत नऊ फूट आणि दोन वेलींत पाच फूट अंतर आहे. ते मुलीने स्वतः मोजले आणि एका वेलीला ४५ चौरस फूट जागा लागते असे लिहिले. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. त्यात २४ वेली बसतात, कारण २४ गुणिले ४५ म्हणजे १०८०, आणि नऊ चौरस फूट उरतात. एकराचे ४० गुंठे, म्हणून तिने ९६० वेली असे उत्तर काढले. मामा म्हणाले, ‘नाही गं, एकरी ९६८ बसतात.’ ती बांधावर बसून बराच वेळ वहीकडे पाहत राहिली, आणि मग तिने उरलेले नऊ चौरस फूट चाळीसने गुणले : ३६०. त्याला ४५ ने भागले, आठ आले, आणि ते आठ तिने ९६०च्या खाली लिहिले.