पायाच्या बायपासआधी जेवणाची वेळ बांधायची असेल तर

आमच्या यांच्या डाव्या मांडीतली रक्तवाहिनी बंद झाली होती. शंभर पावलं चालले की पोटरीत गोळा यायचा. पायातलीच शीर वापरून बायपास करायचं ठरलं, तारीख तीन आठवड्यांनंतरची. मधुमेह पंधरा वर्षांचा. सर्जन म्हणाले, रात्री उशिरा जेवणं आणि अधूनमधून फरसाण तोंडात टाकणं बंद करा. मग डॉक्टरांना विचारून आम्ही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एवढीच खाण्याची वेळ ठेवली.

याची सुरुवात स्वयंपाकघरातून करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून मधुमेहाच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा आणि बदललेली जेवणाची वेळ सांगा. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड ही औषधं पोट रिकामं असलं तरी साखर उतरवतात. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांचा धोका निराळाच. उपाशीपोटी रक्तात आम्ल साठू शकतं, आणि तेव्हा साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून ती गोळी साधारणपणे ऑपरेशनच्या किमान 3 दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नका.

आम्ही गोळ्या दाखवल्या, पण रात्रीच्या ग्लिमेपिराइडचं सांगायचं माझ्याकडून राहिलं. चौथ्या दिवशी पहाटे चारला हे घामाने चिंब, हात थरथरताहेत. मशीनवर 64. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा 92. सकाळी फोन केला आणि ती गोळी बंद झाली. आकडा 70च्या खाली गेला की उपास तिथेच मोडायचा, घड्याळाकडे बघायचंसुद्धा नाही.

वेळ कमी करायची, अन्न नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात. यांचं वजन 62 किलो; आहारतज्ज्ञांनी दिवसाला 75 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं सांगितली होती. आठला दोन अंडी आणि मुगाचं धिरडं, एकला भाकरी, मटकीची उसळ, दही, साडेपाचला पनीर किंवा मासे आणि थोडा भात. भूक नाही म्हणून भाकरी कमी केली तर चालेल, उसळ नाही. गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप घटलं असेल, पायाला जखम चिघळलेली असेल, किंवा डायलिसिस चालू असेल, तर डॉक्टरांनी स्वतःहून सांगितल्याशिवाय हे करूच नका.

असं केल्याने ऑपरेशन सोपं जातं का? उंदरांवर प्रयोग झालेत. रक्तपुरवठा तोडून पुन्हा जोडण्याआधी काही दिवस अन्न कमी केलं, तर मूत्रपिंडाची आणि यकृताची हानी कमी झाली. माणसांतला पुरावा अजून तोकडा आहे, म्हणून त्या आशेवर ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका. आमच्याकडे सकाळची साखर 180वरून 140वर आली, तेवढ्यानेही मला हायसं वाटलं.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचे नियम वेगळे. हलकं जेवण भुलीच्या 6 तास आधी, तळलेलं असेल तर 8 तास; साधं पाणी 2 तास आधीपर्यंत, पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच शेवटचं. घोळ चहाने होतो. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणासारखाच, 6 तास आधीचा. शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी पहाटे प्रेमाने कप पुढे केला होता, मी हात आडवा घातला. नंबर पुढे ढकलला तर मधुमेह आहे हे नर्सना लगेच सांगा, साखर तपासायला लावा, सलाइनचं विचारा.

ऑपरेशननंतर मी सहाचं बंधन काढूनच टाकलं. तिसऱ्या रात्री नऊला यांना भूक लागली. डॉक्टरांना विचारून मऊ खिचडी आणि उकडलेलं अंडं दिलं. ताट पुसून खाल्लं त्यांनी.