हॉटेलसारखं कढाई पनीर घरी, पण मसाला ताजा भाजूनच

बाहेर जेवायला गेलं की कढाई पनीर ऑर्डर करायचं आणि घरी आल्यावर आपलं असं का होत नाही म्हणून चिडायचं, हे मी बरीच वर्षं केलं. क्रीम वाढवून बघितलं, बटर घातलं, तयार मसाल्याची पाकिटं पण आणली. शेवटी कळलं की सगळा खेळ धणे आणि लाल मिरचीचा आहे, आणि ते पण त्याच दिवशी भाजलेले.

मसाल्याला दोन मोठे चमचे अख्खे धणे, एक छोटा चमचा जिरं, सहा-सात काळी मिरी, दोन लवंगा, एक वेलची आणि चार-पाच ब्याडगी मिरच्या घ्या. मंडईकडे गेलात तर तिथे आसपास अख्खे मसाले सुटे मिळतात, धणे हातात घेऊन चोळून वास बघायचा, वास नाही आला तर पुढच्या दुकानात. मिरची ब्याडगीच का, तर तिला रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, लवंगी घातलीत तर रंगासाठी जीव जाईल.

आता भाजणं. जाड बुडाची कढई, गॅस बारीक, तेल अजिबात नाही. आधी धणे, ते जरा गरम होऊन वास सुटला की मिरी, लवंग, वेलची, आणि जिरं सगळ्यात शेवटी कारण ते पटकन करपतं. मिरच्या वेगळ्या भाजा, फुगल्या आणि कुरकुरीत झाल्या की बास, काळ्या करू नका (आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर अख्ख्या सोसायटीला ठसका). गॅस बंद केला की मसाला लगेच ताटलीत काढायचा, गरम कढईत तो भाजतच राहतो. पहिल्यांदा मी फोनवर बोलत बसले आणि कढईतच राहिला, भाजी अशी कडू झाली की मुलांनी दहीभात खाल्ला. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला लावा, आणि जाडसरच ठेवा, पीठ करू नका, दाताखाली धणे आले पाहिजेत.

ग्रेव्हीला तीन कांदे बारीक चिरून तेलात चांगले तांबूस होईपर्यंत परता, इथे घाई केलीत तर कच्चट गोडसर चव येते. मग चमचाभर आलं-लसूण पेस्ट, चार टोमॅटोची प्युरी, हळद, मीठ. याच्यात भाजलेल्या मसाल्यातला अर्धा घाला आणि कडेने तेल सुटेपर्यंत परतत राहा. आठ-दहा काजू गरम पाण्यात भिजवून वाटून घातले की दाटपणा येतो, क्रीमची गरज पडत नाही. पाणी घालाल ते गरमच. टोमॅटो आंबट असतील तर चिमूटभर साखर, पुण्यात राहतो म्हटल्यावर एवढी तर चालते!

एक सिमला मिरची आणि एक कांदा मोठे चौकोनी कापून वेगळ्या पॅनमध्ये मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटंच परतायचे, कुरकुरीत राहू देत. पाव किलो पनीर तोपर्यंत कोमट मिठाच्या पाण्यात पडू द्या, मऊ राहतं, मी तळत बिळत नाही.

सगळं ग्रेव्हीत घालून दोन मिनिटं उकळी, आणि मग उरलेला अर्धा मसाला. आधीचा अर्धा शिजून ग्रेव्हीत मुरलेला असतो, वास येतो तो या दुसऱ्या अर्ध्याचा, म्हणून सगळा एकदम टाकून मोकळे होऊ नका. वरून कसुरी मेथी तळहातावर चुरडून, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटं हात लावायचा नाही. तंदुरी रोटीच्या नादाला मी लागत नाही, तेवढ्या वेळात गरम पोळ्या होतात.