समोरची पार्टी दिवाळखोरीत गेली अन् करारात चूक सापडली, आता काय?

आधी एक सांगतो, जुन्या डायरेक्टरला गाठून नवी सही घ्यायला धावू नका. प्रकरण सुरू झालं की कारभार बहुतेक ठिकाणी लिक्विडेटर (मालमत्ता विकून देणी वाटणारा अधिकारी) किंवा कोर्टाने नेमलेल्या माणसाकडे जातो, मग त्या सहीला किंमत उरत नाही, आणि मागची तारीख टाकणं तर सरळसरळ फ्रॉड.

तुम्हाला दाखवायचंय ते एवढंच की ठरलं एक अन् टाइप झालं दुसरं, समजा तारण ठेवायचं होतं मशीन ४१७ आणि कागदात पडलं ४७१. सहीच्या आधीचे ईमेल, ड्राफ्ट, मिनिट्स, इन्व्हॉइस काढा, दोघांच्या मनात तेच होतं हे त्यातून दिसायला हवं. ठरलीच नव्हती अशी अट आता घुसवता येत नाही, कोर्ट कागद सुधारतं, सौदा नाही.

मग लिक्विडेटरला पुराव्यासकट लेखी कळवा, ढळढळीत टायपो असेल तर तो कधी कधी मान्य करतो. नाहीतर कोर्ट, पण दिवाळखोरीमुळे दाव्यांवर स्थगिती असेल तर आधी परवानगी लागते. खरी भानगड बाकीच्या धनकोंची, त्यांचा हिस्सा कमी होणार म्हणून ते विरोध करणारच, आणि काही देशांत नोंदणी न झालेला तारणाचा हक्क त्यांच्यापुढे टिकतच नाही. म्हणून लिक्विडेटरकडे आपल्या पैशाचा क्लेम टाकायची मुदत संपायच्या आत, दुरुस्ती नाकारली तर बिनतारणी समजा, असा पर्यायी क्लेमही टाकून ठेवा.