विल्सनना लिहिलेलं पत्र शोधायचं कुठे?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकेवर काम करू पाहणारी मुलं-मुली विचारतात, एवढ्या कागदांच्या डोंगरात शिरायचं कुठून? माझं उत्तर ठरलेलं आहे. राष्ट्राध्यक्षाचं नाव थोडं बाजूला ठेवा आणि त्याचा सचिव कोण होता ते आधी पाहा.

आपल्या जवळचंच उदाहरण घेऊ. १९१९ च्या जानेवारीत लोकमान्य टिळक ब्रिटिश पत्रकार चिरोल याच्यावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी लंडनमध्ये होते आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन पहिल्या महायुद्धानंतरच्या पॅरिस शांतता परिषदेसाठी युरोपात आले होते. स्वयंनिर्णयाचं तत्त्व भारतालाही लागू व्हावं म्हणून टिळकांनी विल्सनना पत्र लिहिलं. उत्तर आलं ते गिल्बर्ट क्लोज या सचिवाच्या सहीचं. त्याचा आशय असा, की हा प्रश्न योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांपुढे येईल. आता हे पत्र विल्सन यांच्या व्हाइट हाउसच्या फायलींमध्ये शोधायला बसलात तर आठवडा वाया जाईल. त्यांचा नेहमीचा सचिव जोसेफ टमल्टी वॉशिंग्टनमध्येच थांबला होता आणि क्लोज पॅरिसला सोबत होता. म्हणून पॅरिसची टपाल वेगळ्या मालिकेत पडली. लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या विल्सन संग्रहात मालिका ४ म्हणजे कार्यालयाच्या क्रमांकवार फायली आणि मालिका ५ म्हणजे शांतता परिषदेचे कागद. शोध पाचव्या मालिकेत सुरू करायचा. पत्र कोणी उघडलं असेल, हे कळलं की ते कुठे ठेवलं असेल हेही कळतं.

पुण्यात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सोडून बसलेल्यांना हे नवं वाटणार नाही. दप्तर ज्याच्या हातचं, त्याच्या सवयीनं ते लावलेलं असतं.

दुसरी गोष्ट पहिल्याच आठवड्यात पक्की करा. त्या काळात राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता होती. ते सरकारच्या मालकीचे ठरले १९७८ च्या कायद्यानं. त्यामुळे वारसांनी जिथे दिले तिथे ते गेले. थिओडोर रूझवेल्ट, टाफ्ट आणि विल्सन यांचे मुख्य संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. विल्सन यांचे निकटचे सल्लागार कर्नल हाउस यांचे कागद मात्र येल विद्यापीठात आहेत. परराष्ट्र खात्याची सरकारी कागदपत्रं नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे आणखी तिसऱ्या इमारतीत. एका पत्रव्यवहाराच्या दोन बाजू दोन शहरांत असणं हा तिथे नियमच समजा. आलेली पत्रं ज्याला आली त्याच्या संग्रहात असतात. गेलेल्या पत्राची प्रत राहिली असेल तर ती पाठवणाऱ्याकडे.

प्रती कशा ठेवल्या जात, हे समजून घेण्यासारखं आहे. रूझवेल्ट यांच्या काळात पातळ कागदाची वही वापरत. पान ओलं करून ताज्या शाईचं पत्र त्यावर दाबलं, की शाईचा ठसा उतरे. स्कॅनमध्ये ही पानं पसरलेल्या जांभळट-करड्या डागांसारखी दिसतात. पहिल्यांदा पाहिलं की वाटतं, हे वाचताच येणार नाही. पण स्क्रीनवर मोठं करून, तारीख आणि मायना आधी ओळखून वाचत गेलात तर दोन-तीन दिवसांत नजर बसते. पुढे कार्बन कॉपी आली आणि काम सोपं झालं. विल्सन यांचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे ते स्वतः टंकलेखन करत आणि मसुदे ग्रॅहम पद्धतीच्या लघुलिपीत लिहीत. ती लिपी शिकायची गरज नाही. आर्थर लिंक यांच्या संपादनाखाली निघालेल्या ६९ खंडांत त्यांची निवडक पण विपुल कागदपत्रं आणि लघुलिपीतल्या मजकुराचं वाचन छापलेलं आहे. मात्र छापील खंड हे संपादकानं निवडलेलं विल्सनचरित्र असतं. ज्यांना दोन ओळींचं उत्तर देऊन वाटेला लावलं, त्यांची पत्रं तिथे क्वचितच मिळतात आणि आपल्याला तर तीच हवी असतात.

आनंदाची बाब म्हणजे या तिन्ही राष्ट्राध्यक्षांचे लायब्ररीतले संग्रह आता ऑनलाइन फुकट पाहता येतात. घरबसल्या बरंच होतं. टाफ्ट यांचा संग्रह साडेसहा लाखांहून अधिक कागदांचा आहे, तेव्हा शोधखिडकीत नाव टाकून सगळं हाती लागेल ही अपेक्षा सोडा. आधी संग्रहाची सूची पूर्ण वाचा. कंटाळवाणी वाटली तरी वाचा. कोणती मालिका तारखेनं लावली आहे आणि कोणती नावानं, हे तिच्यातच असतं. हाउस यांची डायरीही येलनं ऑनलाइन ठेवली आहे. ते ती आपल्या सेक्रेटरीला तोंडी सांगत, त्यामुळे ती टंकलिखित आहे आणि नवशिक्यानं वाचायला घ्यावी अशी आहे. फक्त हे ध्यानात असू द्या, की आपण इतिहासासाठी बोलतो आहोत याची हाउसना पूर्ण जाणीव होती.

जे नाही त्याचीही नोंद ठेवा. विल्सननंतरचे राष्ट्राध्यक्ष हार्डिंग १९२३ मध्ये वारल्यावर त्यांच्या पत्नीनं बरेच कागद जाळले. उरलेले ओहायोत आहेत. त्यांची काही खासगी प्रेमपत्रं कोर्टकचेरीनंतर बंद राहिली ती थेट २०१४ पर्यंत. एखाद्या विषयावर संग्रह गप्प आहे म्हणून त्या माणसाला त्याची फिकीर नव्हती, असा निष्कर्ष प्रबंधात लिहू नका.

विषय शोधत असाल तर अमेरिकन राजकारणी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्याकडे जरूर वळा. १९०६ साली त्यांनी भारतातल्या ब्रिटिश राज्यावर कडक टीका छापली आणि १९१३ मध्ये तेच विल्सन यांचे परराष्ट्रमंत्री झाले. टीकाकार ब्रायन आणि मंत्री ब्रायन यांच्यात काय बदललं, हे त्यांच्या कागदांतून तपासणारा मराठी विद्यार्थी मला तरी अजून भेटलेला नाही. करायला हवं असं काम आहे.

प्रत्यक्ष जायचं झालं तर लायब्ररी ऑफ काँग्रेसचा हस्तलिखित विभाग मॅडिसन इमारतीत आहे. वाचक कार्ड मोफत मिळतं, पासपोर्ट न्यावा. पिशवी लॉकरमध्ये, पेन बाहेर, पेन्सिल आत. काही बॉक्स दुसरीकडे साठवलेले असतात, म्हणून महिनाभर आधी ईमेलनं विचारा. स्कॅन झालेल्या संग्रहाचे मूळ कागद सहसा देत नाहीत, तेव्हा तिथला वेळ ऑनलाइन नसलेल्या संग्रहांसाठी राखा. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा, कागदांचा क्रम हलवायचा नाही. फोटो काढताना प्रत्येक फोल्डरचा पहिला फोटो बॉक्स क्रमांक आणि लेबलचा असू द्या आणि कागदाची मागची बाजू कोरी दिसली तरी तिचाही घ्या. ‘उत्तर दिले’, ‘फाइल करा’ असे पेन्सिलीचे शेरे कधी कधी तिथेच असतात आणि सचिवाचं अक्षर पहिल्यांदा ओळखू येतं ते त्यांवरूनच.