आजोबांचं सोन्याचं ओमेगा सापडलंय? आधी या चुका टाळा

कपाटात जुन्या डब्यात सोन्याचं ओमेगा कॉन्स्टेलेशन घड्याळ सापडलं की पहिला विचार येतो, चला जरा चकाचक करून आणू. थांबा! वाट लावायचा सगळ्यात सोपा रस्ता हाच.

मी स्वतः ही चूक केलीये. एका घड्याळवाल्याने बफ मारून दिलं, आरशासारखं चमकत होतं, मी पण खूश, आणि घरी येऊन मागचं झाकण बघतो तर वेधशाळेच्या घुमटावरचे तारे जवळजवळ सपाट. कॉन्स्टेलेशन 1952 साली आलं तेव्हापासून बहुतेक मॉडेल्सच्या मागे ही वेधशाळा आणि 8 तारे असतात, कारण ओमेगाची सगळी ऐट वेधशाळांच्या अचूकतेच्या स्पर्धांवर उभी होती, 1936 ला इंग्लंडमधल्या क्यू-टेडिंग्टन वेधशाळेच्या चाचणीत 100 पैकी 97.8 गुण मिळवले होते राव. सोनं मऊ, दर पॉलिशला थोडं जातंच, पट्ट्याजवळच्या धारा गोल होतात आणि शिक्के पण पुसट होतात. स्विस शिक्क्यात बाईचं डोकं म्हणजे 18 कॅरेट, खारूताई म्हणजे 14. झाकण स्टीलचं असेल तर ते बहुतेक गोल्ड कॅप्ड, म्हणजे स्टीलवर सोन्याचा जाड पत्रा, त्यामुळे सोनाराकडे वजन करून हिशोब मांडत बसू नका.

दुसरी चूक डायल नवी रंगवून घेणं. जुन्या कॉन्स्टेलेशनची ती पाय-पॅन डायल, उलट्या ताटलीसारखी, मधे सपाट आणि कडेला 12 कोनांत उतरलेली, तिच्यावरचे डाग राहू द्या. रंगवलेली डायल अक्षरांवरून लगेच कळते, जाडी, वाकडी, खाली स्विस मेड एकतर गायब नाहीतर तिरकं. बाहेरचे कलेक्टर अशा मालाला चक्क 'मुंबई स्पेशल' म्हणतात, ऐकायला गंमत वाटते पण भाव पडतो.

आता 'बिघाड'. हलवल्यावर आत टक टक आवाज येतो म्हणून घाबरू नका, सुरुवातीच्या 354 नंबरच्या मशीनमधलं, हाताच्या हालचालीवर आपोआप चावी देणारं वजन पूर्ण गोल फिरतच नाही, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगला आपटून परत येतं, तो त्याचाच आवाज. अचानक रोज काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर स्पीकर नाहीतर मॅग्नेटवाल्या कव्हरजवळ ठेवलं होतं का ते आठवा, हेअरस्प्रिंगची, म्हणजे गती सांभाळणाऱ्या बारीक स्प्रिंगची, वेटोळी चिकटतात, डीमॅग्नेटाइज केलं, म्हणजे चुंबकत्व काढलं की बरेचदा पाच मिनिटांत काम होतं. बंद पडलेलं असेल तर चावी देऊन चालू होतंय म्हणून लगेच वापरू नका हां, आतलं तेल वाळलेलं असतं आणि कोरडी चाकं एकमेकांना खातात, आधी सर्व्हिसिंग. आणि पाणी, अजिबात नाही, पाणी अडवणाऱ्या 60 वर्षं जुन्या गॅस्केटवर कसला भरवसा!

तारीखवाल्या 561 मशीनमध्ये तारीख बदलायला काटे 24 तास फिरवत बसायची गरज नाही, रात्रीचे 12 ओलांडा, मागे 9 पर्यंत या, परत 12 च्या पुढे. तेवढ्यात तारीख सरकते.