स्मार्ट कॅमेरे, प्लग आणि डिजिटल कुलूप बसवताय? या चुका टाळा

माझी मामी नागपुरात मानेवाड्याला एकटी राहते. मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला. दीड वर्षापूर्वी दोघांनी मिळून तिच्याकडे चार कॅमेरे, पुढच्या दाराला डिजिटल कुलूप आणि कूलर-गिझरला फोनवरून चालू-बंद होणारे स्मार्ट प्लग बसवून दिले. पुढे इंटरनेटची कंपनी बदलली, नवा राउटर आला आणि कॅमेरे नव्या वायफायला जोडायला मी बसलो. ॲप म्हणे, हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे.

ते खातं निघालं बसवून देणाऱ्या मुलाचं. त्या दिवशी घाईत त्यानं स्वतःच्या मोबाइल नंबरवर खातं उघडलं आणि घरच्यांना फक्त बघण्यापुरतं जोडून दिलं. म्हणजे दीड वर्ष मामीचं अंगण, तिचं येणं-जाणं एका परक्या माणसाच्या फोनवर दिसू शकत होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, बोलल्यावर ते पटलं. पण त्याचा नंबर बंद झाला असता तर आम्ही बिलं घेऊन कंपनीच्या मागे लागलो असतो. कारण बरेच कॅमेरे खात्याशी बांधलेले असतात, रिसेटचं बटण दाबून ती गाठ सुटत नाही. जुन्या मालकालाच आपल्या ॲपमधून उपकरण काढावं लागतं. जुना कॅमेरा विकत घेतानाही हे समोर उभं राहून करून घ्या.

म्हणून पहिली गोष्ट ही की खातं घरातल्या माणसाच्या नंबरवर, घरातल्या माणसाच्या फोनवरच उघडायचं. बसवणारा शिडीवर असेल तेव्हा फोन तुमच्या हातात हवा. आणि ॲपमध्ये ‘शेअर’ किंवा ‘सदस्य’ असा भाग असतो, तिथे कोणाकोणाची नावं आहेत ते आजच उघडून बघा.

कारखान्यातला पासवर्ड तसाच ठेवणं

२०१६ साली ‘मिराई’ नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी फार मोठी विद्या लागली नव्हती. कंपन्या माल पाठवताना टाकतात तसल्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्या तो एकामागून एक लावून बघायचा. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या फौजेनं इंटरनेटवर साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कित्येक तास अडखळल्या. ज्यांचे कॅमेरे त्यात वापरले गेले, त्यातल्या बहुतेकांना पत्ताही नव्हता.

कॅमेऱ्याचा, रेकॉर्डरचा आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा वेगळा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ॲपमध्ये ओटीपीची दुहेरी पडताळणी सुरू करा. राउटरमध्ये ‘गेस्ट’ वायफायची सोय असेल तर ही सगळी उपकरणं त्यावर टाका, म्हणजे बँकेचं काम ज्या फोन-लॅपटॉपवर चालतं तो भाग वेगळा राहतो. जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बाहेरून दिसावा म्हणून कोणी राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून ठेवलं असेल तर ते बंद करून घ्या. तो रस्ता तुमच्यासाठी उघडा असतो तसाच इतर कोणासाठीही.

‘कनेक्टच होत नाही’

मला नातेवाइकांचे सर्वात जास्त फोन याच तक्रारीचे येतात आणि दहातल्या आठ वेळा कारण एकच असतं. स्वस्तातले बहुतेक प्लग, बल्ब, कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. नव्या राउटरमध्ये २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावानं चालतात, फोन ५ वर जाऊन बसतो आणि उपकरण त्याला शोधत राहतं. राउटरमध्ये दोन्हींना वेगवेगळी नावं द्या, किंवा जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा. तरी अडलं तर फोनचा मोबाइल डेटा आणि व्हीपीएन बंद करा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या आणि राउटरच्या वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर असेल तर जुना डब्ल्यूपीए२ ही चालेल असं करा.

कूलर आणि स्मार्ट प्लग

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात या चुकीची किंमत जीवानं मोजावी लागू शकते.

आपल्याकडे कूलरच्या टबात रोज पाणी भरतात. पाइप लावला की एखादा माणूस टबात हात घालून पाण्याचा अंदाज घेतो, खस दाबून बघतो, पंपावरचा कचरा काढतो. कूलर बंद आहे हे गृहीत धरूनच हे सगळं चालतं. आता तोच कूलर स्मार्ट प्लगवर आहे आणि पुण्यात बसलेला मुलगा ‘आई घरी आहे, गरम होत असेल’ म्हणून प्रेमानं फोनवरून तो सुरू करतो. किंवा दुपारी ४ चा टायमर आपोआप लागतो. ओला हात, पत्र्याची बॉडी, जमिनीवर सांडलेलं पाणी. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात वाचायला मिळतात.

माझं स्पष्ट मत आहे की कूलर दुरून सुरू करण्याच्या भानगडीत पडूच नये. मामीकडचा प्लग मी काढून टाकला. ज्यांना ठेवायचाच असेल त्यांनी दुरून फक्त बंद करावा, सुरू करणं घरातल्या माणसाच्या हातात राहू द्यावं, आणि पाणी भरण्याआधी भिंतीवरच्या सॉकेटमधून पिन ओढून काढावी. नुसतं ॲपमध्ये ‘ऑफ’ दिसणं पुरेसं नाही. घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि चांगली अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. टायमरनं एक नुकसान आणखी होतं: टब कोरडा असताना पंप फिरत राहिला तर जळतो.

गिझरचं गणित वेगळं. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास ओढतो, ३ किलोवॅटचा १३. त्याला ६ किंवा १० अँपिअरचा प्लग लावू नका, १६ चाच घ्या. प्लगला हात लावून गरम लागत असेल किंवा प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर तो त्याच दिवशी बदला. स्मार्ट स्विच घेताना इलेक्ट्रिशियनला आधी विचारा की बोर्डात न्यूट्रलची तार आहे का. महाल, इतवारीतल्या जुन्या घरांत बऱ्याचदा नसते आणि पुष्कळ स्विच तिच्याशिवाय चालत नाहीत.

कॅमेरा लावला, पण दिसत काही नाही

मामी एकदा म्हणाली, “काहून रे बाबा, हा कॅमेरा रात्रीचा आंधळा होते काय?” चित्र खरंच पांढरंफटक होतं. मी स्टूलवर चढून बघितलं तर काचेवर कोळ्याचं जाळं होतं, त्यावर धूळ, आणि एक चिलट अडकलेलं. रात्री कॅमेरा स्वतःचा इन्फ्रारेड उजेड टाकतो. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ दिसत नाही, पण समोर जाळं, छज्ज्याची कड किंवा खिडकीची काच असली की तो उजेड तिथूनच परततो आणि मागचं सगळं बुडतं. मऊ कोरड्या कापडानं पुसलं, कॅमेरा भिंतीपासून चार बोटं पुढे सरकवला, त्या रात्री फाटकापर्यंत स्वच्छ दिसलं. खिडकीच्या आतून बाहेर बघणारा कॅमेरा रात्री हमखास असाच फसतो.

उन्हाचंही तसंच. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या खोक्यावर ५० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ वर असताना पश्चिमेच्या भिंतीवर, थेट उन्हात, कॅमेऱ्याची बॉडी त्याच्या कितीतरी वर तापते. दुपारी कॅमेरा आपोआप बंद-चालू होतो त्याचं कारण पुष्कळदा हेच. छज्ज्याखाली, उत्तर किंवा पूर्व बाजूला लावा आणि चिकटपट्टीवर विसंबू नका, स्क्रू मारा. शेजाऱ्यांचं दार किंवा खिडकी चित्रात येत असेल तर कोन बदला किंवा तो भाग झाकून टाका.

मेमरी कार्डाचा हिशेब सोपा आहे: दर सेकंदाला १ मेगाबिटचं चित्रण दिवसाला ११ जीबीच्या आसपास जागा खातं. कार्ड ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचं घ्या, साधं कार्ड सततच्या लिहिण्यानं लवकर मरतं. महिन्यातून एकदा कालचं रेकॉर्डिंग मागे जाऊन बघा, ‘रेकॉर्ड होतंय’ या चिन्हावर विसंबू नका.

सूचनांचं काय? तुळस हलली, मांजर गेली, पडदा उडाला, फोन वाजला. चौथ्या दिवशी माणूस सूचनाच बंद करतो. त्यापेक्षा फाटक आणि दार एवढाच भाग निवडा आणि सोय असेल तर फक्त माणूस दिसल्यावर कळवायला सांगा.

लाइट गेल्यावर

कॅमेऱ्यांबरोबर राउटर, फायबरचा छोटा डबा आणि रेकॉर्डरही इन्व्हर्टरवर घ्या. सगळं हवं, एक जरी राहिलं तरी बाहेरून काही दिसत नाही. रेकॉर्डर जमिनीलगत ठेवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाच्या पाण्यानं खालच्या मजल्यांवर काय केलं ते आपण पाहिलं आहे.

डिजिटल कुलूप

पावसाळ्यात लाकडी दार फुगतं. कुलपाचा बोल्ट चौकटीत अडकतो, मोटर जोर लावते आणि बॅटरी झपाट्यानं उतरते. जुलैत दार नीट लागतं का ते बघून सुताराकडून चौकट घासून घ्या. वयस्क माणसांची बोटं घासलेली असतात, मेंदी किंवा कणीक लागली की ठसा लागत नाही, म्हणून दोन-तीन बोटांचे ठसे आणि एक नंबर दोन्ही ठेवा. सेल वर्षातून एकदा ठरवून बदला, कमी झाल्याच्या इशाऱ्याची वाट बघू नका.

आणि सोबत आलेली लोखंडी चावी. मामीच्या घरी ती कपाटात, म्हणजे दाराच्या आतच सापडली. आता एक पुण्याला मुलाकडे आहे आणि एक समोरच्या काकूंकडे, मिसळणाच्या जुन्या डब्यात.