बांधकामाच्या अर्जावर परिसर समिती बसते तेव्हा: या चुका टाळा

परिसर समितीपुढे बांधकामाचा किंवा वापर बदलण्याचा अर्ज आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोण आहे हा?" माणूस ओळखीचा निघाला तर पाच मिनिटांत होकार. अनोळखी असला तर दोन तास चिरफाड. माझ्या मते समितीच्या निम्म्या चुका या एका प्रश्नातून निघतात.

कारण परवानगी सहसा माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळते. आज अर्ज करणाऱ्या सज्जन गृहस्थाने उद्या जागा विकली, तरी वाढवून घेतलेला मजला आणि कमी करून घेतलेले सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) तिथेच राहते. तळमजल्यावर "छोटंसं ऑफिस" म्हणून मागितलेला व्यापारी वापर नव्या मालकाच्या हाती कोचिंग क्लास होतो किंवा गोदाम. मंजुरीच्या कागदावर नुसते "व्यापारी" एवढेच लिहिले असेल, तर त्याला अडवायला फारसे काही उरत नाही. म्हणून अर्जाचे पहिले पान, म्हणजे नाव-गाव असलेले, झाकून ठेवा आणि दुसऱ्या पानापासून वाचायला लागा. ऐकायला पोरकट वाटते, पण चर्चेचा सूर लगेच बदलतो.

आपण कोण आहोत, हेच विसरणे

बहुतेक ठिकाणी अशी समिती निर्णय देत नाही, मत देते. न्यूयॉर्क शहरात ५९ कम्युनिटी बोर्ड, म्हणजे तिथल्या परिसर समित्या, आहेत. जमीन-वापराचा मोठा प्रस्ताव आला की बोर्डाला ६० दिवसांत जाहीर सुनावणी घेऊन शिफारस कळवायची असते. ती शिफारस पुढच्या अधिकाऱ्यांवर बंधनकारक नसते. इंग्लंडमधल्या पॅरिश कौन्सिलांचेही (गावपातळीवरच्या परिषदांचेही) तसेच: त्यांचे मत विचारले जाते, निर्णय नियोजन प्राधिकरण घेते.

मग मताला वजन कशाने येते? कारणांनी. "समितीचा एकमताने तीव्र विरोध" या ओळीचा निर्णय घेणाऱ्याला काडीचा उपयोग नसतो. "प्रस्तावित फाटक शाळेच्या फाटकासमोर येते, दोन्हीकडची वाहने एकाच वेळी वळतील" ही ओळ त्याला उचलून स्वतःच्या अहवालात घालता येते. ठराव लिहिताना हीच कसोटी लावा.

आणि मुदत पाहा. इंग्लंडमध्ये साध्या अर्जावर म्हणणे मांडायला साधारण २१ दिवस मिळतात. महाराष्ट्रात प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली विकास योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असेल तर हरकतींसाठी एक महिना असतो. समिती महिन्यातून एकदा बसत असेल आणि नोटीस बैठकीच्या दुसऱ्या दिवशी लागली, तर पुढच्या बैठकीपर्यंत २१ दिवस कधीच उलटलेले असतात. दोघा-तिघांना मधल्या काळात मत पाठवण्याचा अधिकार आधीच ठरावाने देऊन ठेवा. नाहीतर अभ्यास करूनही पत्र उशिरा पोचते.

नकाशा पट्टीने मोजणे

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की तिच्यावर थोडे जास्त लिहितो.

टेबलावर नकाशा पसरलेला आहे. कोपऱ्यात लिहिले आहे १:१००. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जागेवर एक मीटर. एक सभासद खिशातून पट्टी काढतात, इमारत आणि शेजारची भिंत यांच्यात मोजतात: दीड सेंटिमीटर. "बघा! दीडच मीटर सोडलाय, नियम तीनचा आहे!" खोलीत खळबळ. पत्राचा मसुदा तयार, खोटेपणाचा आरोप करणारा.

प्रत्यक्षात काय झाले? मूळ नकाशा ए-१ कागदाचा होता. कुणीतरी तो ऑफिसातल्या यंत्रावर ए-३ वर छापला. ए-१ वरून ए-३ वर येताना लांबी-रुंदी दोन्ही निम्म्या होतात, म्हणून १:१०० चा नकाशा १:२०० झाला, पण कोपऱ्यातले अक्षर तसेच राहिले. तीन मीटरचे अंतर दीड सेंटिमीटर दिसणारच. नकाशावर लिहिलेले माप वाचा, पट्टी लावू नका. लावायचीच असेल तर आधी नकाशावर काढलेली मापपट्टी मोजून पाहा. कागद लहान झाला की तीही त्याच प्रमाणात लहान होते, म्हणून ती खरे सांगते.

नकाशात जे काढलेले नाही तेही पाहायला हवे. शेजारच्या इमारती कित्येकदा नुसत्या रिकाम्या चौकटी असतात, त्यांच्या खिडक्या दाखवलेल्याच नसतात. मग कोणाच्या स्वयंपाकघरासमोर कोणाचा सज्जा येतो ते कळणार कसे? नकाशा घेऊन जागेवर जा. मात्र एकट्याने अर्जदाराबरोबर फिरत जाऊ नका. निदान दोघे जा, आणि काय पाहिले ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

सावलीचे चित्र जोडलेले असेल तर आधी तारीख आणि वेळ वाचा. सूर्य क्षितिजापासून ६० अंशांवर असताना ३० मीटर उंच इमारतीची सावली साधारण १७ मीटर पडते. तोच सूर्य ३० अंशांवर उतरला की ती ५२ मीटर होते. उन्हाळ्यातल्या भर दुपारचे एकच चित्र देणारा अर्जदार खोटे बोलत नाही, पण सांगायचे ते सांगतही नाही. हिवाळ्यातली सकाळ आणि दुपार मागा. न्यूयॉर्कमध्ये १९१५ साली पुऱ्या झालेल्या इक्विटेबल बिल्डिंगने आजूबाजूच्या रस्त्यांचा उजेड अडवल्याची ओरड झाली, आणि १९१६ च्या त्या शहराच्या झोनिंग ठरावामागे (कुठे काय आणि किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या नियमांमागे) ती ओरडही होती. वर जाताना इमारत टप्प्याटप्प्याने मागे घ्यायची, हा नियम त्याच ठरावातला.

एफएसआय म्हणजे उंची नव्हे

"एफएसआय दोन दिलाय, म्हणजे दुमजली." असे आत्मविश्वासाने सांगणारे एक जण प्रत्येक समितीत असतात. एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते, ते प्रमाण. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर एफएसआय २ म्हणजे एकूण दोन हजार चौरस मीटर बांधकाम. अर्धा भूखंड व्यापला तर त्याचे चार मजले होतात, पाव भूखंड व्यापला तर आठ. त्यामुळे "एफएसआय कमी करा" अशी मागणी करून उंची कमी होईलच असे नाही. उंचीवर हरकत असेल तर उंचीवरच लिहा, गर्दीवर असेल तर घरांच्या संख्येवर. आणि एफएसआयमध्ये काय धरले नाही तेही विचारा, कारण कागदावरचा आकडा आणि डोळ्यांना दिसणारा इमारतीचा आकार यांत त्यामुळे फरक पडतो.

मोजल्या न जाणाऱ्या हरकती

"आमच्या गच्चीतून टेकडी दिसणार नाही." "आमच्या फ्लॅटचे भाव पडतील." दुःख खरे आहे, पण इंग्लंडच्या नियोजन व्यवस्थेत खासगी दृश्य जाणे किंवा मालमत्तेची किंमत घटणे ही कारणे सहसा धरलीच जात नाहीत. खोलीतला उजेड जाणे, खिडकीतून थेट घरात डोकावता येणे, आवाज, वाहतूक ही धरली जातात. नियम जागेगणिक बदलतात, म्हणून आपल्याकडची यादी आधी मिळवा. पुष्कळदा एकाच तक्रारीत मोजली जाणारी हरकत दडलेली असते: टेकडी दिसत नाही म्हणणाऱ्याच्या खोलीत उजेडही कमी होत असतो. तो मोजून लिहा, टेकडी सोडून द्या.

कोण राहायला येईल यावरची कुजबुज तर ठरावात येताच कामा नये. भाडेकरू, विद्यार्थी, परगावचे लोक, ही माणसे झाली. समितीपुढे आहे तो जमिनीचा वापर.

नियमातून सवलत मागणारा अर्ज

इथे पहिल्या चुकीची उलटी आवृत्ती दिसते: दया. "मुलाचं लग्न ठरलंय, एक खोली वाढवायची आहे, जाऊ द्या ना." अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अशा सवलतीसाठी अडचण जमिनीची असावी लागते: भूखंड चिंचोळा आहे, उतार आहे, मधून नाला जातो. अर्जदाराची वैयक्तिक गरज किंवा त्याने स्वतः ओढवून घेतलेली अडचण सहसा पुरत नाही. आधी भिंत बांधली आणि मग "आता पाडायची कशी?" म्हणून सवलत मागितली, तर मन कितीही द्रवले तरी समितीने एक प्रश्न विचारावा: हा भूखंड दुसऱ्या कोणाचा असता, तरी ही अडचण आली असती का?

ढिल्या अटी आणि तोंडी शब्द

"पार्किंगची पुरेशी सोय करावी" ही अट नाही, सदिच्छा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात अटीसाठी सहा कसोट्या आहेत: ती गरजेची हवी, नियोजनाशी आणि त्या बांधकामाशी संबंधित हवी, अंमलात आणण्याजोगी, नेमकी आणि वाजवी हवी. "माल उतरवण्याचे काम सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेतच आणि फाटकाच्या आतच होईल" अशी अट शेजारी घड्याळ पाहून तपासू शकतो.

उलट अति करण्यातही धोका आहे. ओरेगनमधल्या टायगार्ड शहराने एका दुकानाच्या वाढीव बांधकामाला परवानगी देताना पूरक्षेत्रातली जमीन आणि पायी-सायकल मार्गासाठी पट्टा मागितला. १९९४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच प्रकरणाच्या, म्हणजे डोलन, खटल्यात सांगितले की अशी मागणी बांधकामाच्या परिणामाच्या ढोबळ प्रमाणात तरी आहे, हे शहराने दाखवायला हवे. तेव्हा एका दुकानाच्या अर्जावर अख्ख्या परिसराची गटारे दुरुस्त करून घ्यायचा मोह आवरा.

बैठकीत अर्जदार उभा राहून "मी शब्द देतो" म्हणाला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला तोच शब्द सुधारित अर्जात लिहून द्यायला सांगा. जागा विकली की शब्द त्याच्याबरोबर जातो.

ठराव झाल्यावर काही बिघडले तर

सभासदाचा अर्जाशी संबंध असल्याचे नंतर कळले, तर ते दडपू नका. त्याला वगळून पुन्हा मत घ्या आणि दोन्ही बैठकांचे इतिवृत्त पाठवा. पुढच्या वेळी संबंध असलेल्याने विषय निघताच खोलीबाहेर जावे. नुसते गप्प बसून राहिलेल्याकडेही लोक बघतच असतात. पत्रात आकडा चुकला असेल तर निर्णय होण्याआधी दुरुस्तीचे दोन ओळींचे पत्र द्या.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे सुधारित नकाशा. समितीने तीन मजल्यांवर "हरकत नाही" कळवले, पुढे नकाशे बदलले, आणि फाइलमध्ये तुमची "हरकत नाही" चार मजल्यांच्या नकाशामागे टाचलेली सापडली. त्यासाठी ठरावात नकाशा क्रमांक, सुधारणा क्रमांक आणि तारीख घाला, आणि शेवटी एक वाक्य: "हे मत फक्त वरील नकाशांपुरते आहे, त्यात बदल झाल्यास ते लागू राहणार नाही." मग दर पंधरा दिवसांनी एकाने फाइल पाहून यायचे. त्या माणसाचे नावही त्याच बैठकीत ठरवा.